बॉनेटवरचा पेला

आमच्या घरमालकांना कुजबुजता येत नसे. गुपित सांगायचं झालं तर ते आधी दार लावून घेत, खिडकी ओढून घेत, तुमच्या कानाशी तोंड आणत आणि मग जे सांगत ते समोरच्या चाळीला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळे. त्यांच्या भाच्याचं लग्न मोडल्याची बातमी मला अशीच, "कोणाला बोलू नका हं बाई" या अटीवर कळली होती. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने मला विचारलं, "क्या टीचर, भांजे की शादी टूट गयी?"

त्यात त्यांचा काही दोष नव्हता. जन्म भिवंडीतला आणि घर यंत्रमागाच्या कारखान्यावर. खाली मागांच्या दोन रांगा, वर राहायच्या खोल्या. बोलायचं ते खालच्या खडखडाटावर मात करून, हे त्यांच्या घशाला लहानपणीच कळलेलं. पुढे ते स्वतः मागावर उभे राहिले, मग कारखाना सांभाळू लागले, उतारवयात माग दुसऱ्याला चालवायला दिले. घसा मात्र तसाच राहिला. देवळात "सर्वांना सुखी ठेव" म्हणाले तरी ते देवाला दम देताहेत असं वाटे.

घरमालकांना आम्ही काका म्हणत असू. ते आणि काकू एकमेकांशी बोलत ते मात्र हातांनी. मागावरची माणसं अशीच बोलतात, कारण तिथे ओरडूनही ऐकू जात नाही. मूठ वर केली की धागा तुटलाय, थांबव. बोट हवेत गोल फिरवलं की चालू ठेव. या दोघांनी ही भाषा जिना चढवून संसारात आणली होती. पाहुणा कंटाळवाणा निघाला की काका त्याच्या पाठीमागे मूठ वर करत आणि काकू दुसरा चहा टाकत नसत. पाहुणा आवडला की बोट गोल फिरे, आणि मग त्या माणसाची जेवल्याशिवाय सुटका नसे.

आम्ही नवरा-बायको वरची खोली बघायला गेलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी मोरी बघत होते. समोरच्या कपाटाच्या आरशात मला दिसलं, की माझ्या पाठीमागे काका माझ्याकडे बघत बोट गोल फिरवताहेत. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "चल इथून. मला वेडी समजतात ही माणसं." तेवढ्यात काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या, मागून चहा आला, मग लाडू आले, आणि जेवूनच जा असा आग्रह सुरू झाला. त्या बोटाचा अर्थ मला पुढे कितीतरी दिवसांनी कळला.

सुरुवातीला त्या खोलीत राहणं म्हणजे शिक्षाच होती. जमीन थरथरायची. चहाच्या कपात बारीक वर्तुळं उठायची. फळीवरचे डबे रोज आपले आपण थोडे पुढे सरकायचे आणि मी रोज त्यांना मागे ढकलायची. मी रडकुंडीला आले की काका म्हणत, "बाई, आवाज आहे म्हणजे जीव आहे. गप्प माणसाचा आणि गप्प यंत्राचा भरवसा धरू नये." मला त्यांचा राग यायचा. मग दिवाळीला माहेरी, साताऱ्याकडच्या आमच्या गावी गेले, आणि तिथल्या शांततेत मला झोपच येईना. कूस बदलून बदलून मी दमले. आई म्हणाली, "तिथं मोठी त्रासलेली असायचीस ना?" काय सांगणार तिला! भिवंडीला परत आले, जिना चढता चढता पायाखाली थरथर लागली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी पिशव्या टाकून तशीच आडवी झाले.

काकांचे खरे हाल शुक्रवारी होत. शुक्रवारी भिवंडीतले माग बंद. सगळं गाव त्या दिवशी विसावतं, आणि काका मात्र पिंजऱ्यातल्या वाघासारखे येरझारा घालत. दुपारी डोळा लागावा म्हणून त्यांनी एक टेबलफॅन खास ठेवला होता. त्याच्या जाळीचा स्क्रू ते स्वतः सैल करून ठेवत. पंखा सुरू झाला की जाळी खडखडखडखड वाजे आणि त्या तालावर काका घोरू लागत. माझा नवरा स्वभावाने परोपकारी. एका गुरुवारी त्याने कोणाला न सांगता तो स्क्रू घट्ट पिळून दिला, वर तेलही घातलं. शुक्रवारी दुपारी काकांच्या खोलीतून आरोळी आली, "पंखा मारला! माझा चालता बोलता पंखा मारला कोणी!" काकू जिन्यात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. नवऱ्याने जाऊन स्क्रू पुन्हा सैल केला. किती सैल ते काका कान देऊन सांगत होते, तानपुरा लावून घ्यावा तसे.

आमची मुलगी याच घरात झाली. अंगाने बारीक, म्हणून काका तिला 'कांडी' म्हणत. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवतात ती धाग्याची छोटी गुंडाळी म्हणजे कांडी. ती दिवसभर काकूंच्या मागे मागे असायची. बोलायला लागायच्या आधी ती बोट गोल फिरवायला शिकली. भाताचा घास भरवला की बोट फिरवायची, म्हणजे आणखी हवा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझी बदली झाली. शाळा गणेशपुरीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर. शाळा मला फार आवडली. मुलं गोड, लाजरी, आणि एकदा लाज गेली की मग आवरता न येणारी. पण गणेशपुरीपर्यंत एसटी आणि पुढे चालत, असा तो प्रवास. सकाळची गाडी चुकली की सगळाच दिवस चुकायचा. संध्याकाळी घरी यावं तर कांडी काकूंच्या मांडीवर पेंगलेली. नवऱ्याची मानकोलीला गोदामात शिफ्ट ड्युटी, त्यामुळे त्याचाही भरवसा नाही. वर्षभर हे ओढलं. शेवटी आम्ही ठरवलं, की मे महिन्याच्या सुटीत एखादी जुनी गाडी मिळाली आणि मला ती चालवता आली तर ठीक. नाही तर जूनपासून गणेशपुरीलाच खोली घ्यायची आणि हे घर सोडायचं.

हे मी काकांना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. काकूंनी कांडीला जवळ ओढलं.

"गणेशपुरीला?" काका म्हणाले. "तिथं पान पडलं तरी ऐकू येतं. पोरगी झोपेल कशी तिथं?"

"सवय होईल, काका."

"नाही होत," ते म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. थोड्या वेळाने तिथूनच, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, विचारलं, "गाडी कधी बघायला जायचं?"

उभ्या जन्मात त्यांनी सायकलीपलीकडे काही चालवलं नव्हतं. पण ते अडूनच बसले. म्हणाले, "यंत्र बघायला यंत्राचा माणूस लागतो."

नवऱ्याने आधीच चौकशी करून ठेवली होती. रोजचं अंतर मोठं, म्हणून डिझेल. गल्लीत सुताचे आणि कापडाचे टेम्पो उभे असतात, त्यातून वाट काढायची तर गाडी आखूड हवी. अशा दोन गाड्या त्याला पसंत पडल्या होत्या. एक अंजूरची, पांढरी. दुसरी गणेशपुरीची, निळी. मनातून त्याने पांढरी ठरवूनच टाकली होती. ती नवी होती, कमी फिरलेली होती, टायर कोरे होते. निळी बघायची ती फक्त मनाला चुटपुट नको म्हणून.

बघायचा दिवस काकांनी ठरवला. अर्थातच शुक्रवार. नाही तरी त्या दिवशी त्यांना करण्यासारखं काही नसे. कांडीसकट आम्ही पाचही जण निघालो, तेव्हा त्यांनी काकूंना स्टीलचा एक पेला पिशवीत टाकायला लावला. मला वाटलं, ऊन आहे, पाणी प्यायला असेल.

अंजूरला गाडीचा मालक एक तरणा शेतकरी होता. खाडीजवळची त्याची शेतं गोदामांना गेलेली, घर नवं कोरं, आणि दारात ती पांढरी गाडी आरशासारखी पुसून ठेवलेली. काका तिच्याभोवती फिरले. मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, "चालू कर."

"चालूच हाय, काका."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो थट्टा करतोय. मग बॉनेटवर तळहात ठेवला, पोराच्या कपाळावर ताप बघायला ठेवावा तसा. "चालू आहे?"

"हाय ना! अख्ख्या गावात इतकी गप गाडी न्हाय. आवाज येतच न्हाय तिचा, तीच तर मजा हाय!"

बिचाऱ्याने आपल्याच तोंडाने आपली गाडी बुडवली. काकांनी काकूंकडे हात पुढे केला. काकूंनी पेला काढला, त्यात बाटलीतलं पाणी ओतलं, आणि काकांनी तो पेला चालू गाडीच्या बॉनेटवर ठेवला. आम्ही सगळे वाकून बघू लागलो. पाणी जवळजवळ स्थिर होतं. एखादी बारीक लहर, तीही मनावर घेतली तर दिसावी अशी.

"पाणी झोपलंय," काका म्हणाले. "हिच्या अंगात काहीतरी आहे. ही लपवतेय."

"काय लपवंल? गाडी हाय ती!" तो तरणा आता चिडला. त्याचा आवाज चढला आणि काकांचा तर चढलेलाच होता. आतून त्याची म्हातारी आई धावत बाहेर आली. "काय झाला? कोनाचा भांडान चाल्लाय?" तिला वाटलं, मारामारी जुंपली. काकू तिच्याकडे जाऊन काहीतरी बोलल्या आणि दोघी ओटीवर बसून हसायला लागल्या.

मी मात्र पांढऱ्या गाडीत बसले. गाडी मला चालवायची होती आणि तिच्यावर माझं घर टिकायचं होतं, त्यामुळे काकांचा पेला बाजूला ठेवून ती नीट बघायची असं मी ठरवलं होतं. मी एप्रिलमध्ये शिकले ती क्लासची गाडी डबा झालेली, ट्रॅक्टरसारखी ओरडणारी. इथे मी किल्ली फिरवली. काही ऐकू आलं नाही. बंदच राहिली वाटतं, म्हणून पुन्हा फिरवली. आतून कर्रर्र असा आवाज आला आणि मालक ओरडला, "ताई, चालू हाय! चालू हाय!" गावाच्या रस्त्याला लागले तर कोणता गिअर कधी बदलायचा ते कळेना, कारण गाडी काही सांगेचना. चढावर बंद पडली, ते मला मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवल्यावर समजलं. परत आले तेव्हा मला घाम फुटला होता. ही मला जमायची नाही, जून उजाडेल आणि आपण सामान बांधत असू, असंच मला वाटायला लागलं.

नवरा म्हणाला, "सवय होईल." मीच थोड्या दिवसांपूर्वी काकांना हेच सांगितलं होतं, त्यामुळे या वाक्यावर माझा विश्वास राहिला नव्हता.

एसटीने आम्ही गणेशपुरीला गेलो. निळ्या गाडीचे मालक निवृत्त हेडक्लार्क होते. बोलणं इतकं हळू, की काका "आँ?" म्हणून त्यांच्या अंगावर वाकत आणि ते गृहस्थ तेवढेच मागे सरकत. घराच्या आसपास आश्रमात येणारी माणसं उतरलेली, सगळीकडे शांतता. "खरं सांगतो," ते म्हणाले, "गाडी चांगली आहे. दगा देणार नाही. पण आवाज फार करते. इथे लोक ध्यानाला बसतात हो. मी गाडी काढली की शेजारी खिडकीत येऊन बघतात. म्हणून विकतोय."

काकांचा चेहरा उजळला. "आवाज करते?"

हेडक्लार्कांनी अपराधी चेहऱ्याने किल्ली फिरवली. गाडी खाकरली, थरथरली, आणि मग खडखडखडखड असा जो ठेका तिने धरला, तो ऐकून आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. कांडी टाळ्या पिटू लागली. काकांनी पेला भरून बॉनेटवर ठेवला. पाण्यात वर्तुळं उठली, पाणी काठावरून उड्या मारू लागलं, आणि मग तो पेला स्वतःच्या पायांनी चालत चालत बॉनेटच्या कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. काकूंनी तो वरच्या वर झेलला.

"तब्येत ठणठणीत आहे!" काका गर्जले. पलीकडच्या दोन खिडक्या उघडल्या.

मी चालवायला बसले. शेजारी हेडक्लार्क, मागे काका, काकू आणि कांडी. नवऱ्याला जागा उरली नाही, तो पडवीत बसून राहिला. वज्रेश्वरीच्या रस्त्याला गाडी घातली आणि मला एकदम मोकळं वाटलं. गाडी सगळं सांगत होती. दम लागला की कण्हायची, मी गिअर खाली टाकला की समाधानाने गुरगुरायची. चढावर तिने नुसता सूर बदलला आणि माझा हात आपोआप हलला. दोन्ही बाजूंना भाताची मोकळी खाचरं होती, कडेला मुलं करवंदं विकत होती, आणि मी चक्क गुणगुणत होते. वज्रेश्वरी आली तेव्हा मागून एक वेगळाच आवाज कानावर पडला. इंजिनाच्या वरताण. हेडक्लार्क दचकून मागे वळले आणि कुजबुजले, "त्यांना बरं वाटत नाहीये का?"

मी आरशात पाहिलं. काकांची मान मागे टेकलेली, तोंड उघडं. भर शुक्रवारी ते गाढ झोपले होते आणि घोरत होते. आरशातच काकूंची नजर माझ्या नजरेला भिडली. त्यांनी दोन्ही तळवे गालाशी नेले, म्हणजे झोपलेत. मग एक बोट वर केलं आणि हळूहळू गोल फिरवलं.

मग मी कसली थांबते! वज्रेश्वरी मागे टाकून पार अंबाडीपर्यंत गेले. हेडक्लार्क सज्जन माणूस, नुसते अधूनमधून घड्याळ बघत होते. परत त्यांच्या दारात येऊन मी इंजिन बंद केलं आणि त्याच क्षणी काका ताडकन उठून बसले. "काय झालं? धागा तुटला?"

परतीच्या एसटीत नवऱ्याने पांढऱ्या गाडीची बाजू जीव तोडून मांडली. टायर, मॉडेल, गादीची कापडं, सगळं. त्याचं सगळं बरोबर होतं. कोणत्याही शहाण्या माणसाने पांढरीच घेतली असती. पण मी इतकी वर्षं त्या घरात राहून शहाणी राहिले नव्हते. मी म्हटलं, "मी चालवणार ना? मग निळी. मला तिचं बोलणं कळतं." आणि पुढच्या सीटवर बसलेल्या काकांना म्हटलं, "काका, आता खोली नको बघायला. आम्ही राहतोय."

मला वाटलं, आता सबंध एसटी दचकेल. पण काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. खिडकीकडे तोंड करून बसले होते ते तसेच राहिले. फक्त त्यांचा उजवा हात सीटच्या पाठीवर वर आला आणि बोट गोल फिरायला लागलं. ते बराच वेळ फिरत होतं. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि मी दोन्ही होऊ दिलं.

गाडी घरी आली. एका पंधरवड्यात माझ्या परोपकारी नवऱ्याने ती नाक्यावरच्या गॅरेजात नेली आणि ती मुकी होऊन परत आली. सायलेन्सरवरचा एक पत्रा सैल होता म्हणे, दोन बोल्ट आवळले, झालं. काका गॅलरीतून बघत होते. गाडी आवाज न करता गल्लीत शिरली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "पंख्यापासून हा माणूस काही शिकला नाही!" मी तशीच गाडी वळवून गॅरेजात गेले. गॅरेजवाल्याने माझं म्हणणं दोनदा ऐकून घेतलं. "भाभी, लोग आवाज बंद करवाने आते हैं. आप चालू करवाने आयी?" मी हो म्हटलं. त्याने डोकं खाजवलं आणि एक बोल्ट ढिला केला. किती ढिला ते सांगायला मी काकांना बरोबर नेलंच होतं.

त्या गाडीने मला दगा दिला नाही. पाड्यावरच्या मुलांना ती डोंगराच्या वळणावरूनच ऐकू यायची, आणि मी पोचेपर्यंत मुलं रांगेत उभी असायची. शाळा माझी राहिली, घर राहिलं, कांडी काकूंच्या अंगाखांद्यावर मोठी झाली.

आणि आम्ही सोडून जाऊ नये म्हणून ज्यांनी एवढा आटापिटा केला, तेच काका शेवटी आम्हाला सोडून गेले. म्हणजे काकूंना घेऊन पुण्याला गेले, मुलाकडे. खालचे माग निघाले, तिथे आता पार्सलांचं गोदाम आहे. खोकी काही आवाज करत नाहीत. मुलगा म्हणाला, आता इथे एकटे राहून काय करणार? आम्ही अजून वरच्याच खोलीत आहोत. पुण्याची सोसायटी फार छान आहे, झाडं आहेत, हॉर्न वाजवायलाही बंदी आहे. पहिल्याच फोनवर काका ओरडले, "बाई, इथे सगळे वार शुक्रवार आहेत!" तो पंखा त्यांनी नेला होता. पण सुनेने तो नीट करून घेतला होता.

म्हणून मग आमचं एक ठरून गेलं आहे. शुक्रवारी शाळेतून आले की मी गाडी अंगणात उभी करते, पण बंद करत नाही. कांडी बॉनेट उघडते आणि व्हिडिओ कॉल लावून फोन त्याच्या काठाशी टेकवून ठेवते. पलीकडे काका खाटेवर आडवे असतात. मी "बरे आहात ना?" विचारते. ते बोलत नाहीत, त्यांना ऐकायचं असतं. निळी गाडी खडखडत राहते. त्यांचं बोट वर येतं, गोल फिरतं, मग हळू होतं आणि पांघरुणावर पडतं. गोदामाचा वॉचमन माझ्याकडे बघतो, की या बाई डिझेल का जाळताहेत. बघू दे. मी गाडी बंद करायला वळते, आणि नेमक्या तेव्हा फोनवर काकू येतात. दोन्ही तळवे गालाशी नेतात, हसतात, आणि मग त्या म्हाताऱ्या बोटाने मला खूण करतात, चालू ठेव.